आधी कादंबरी, मग सिनेमा

नमस्कार श्रोतेहो. पुस्तक आधी की सिनेमा, हा वाद इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत तिकिटाच्या रांगेतच रंगतो. ‘द गिव्हर’पुरता माझा कौल ठरलेला आहे: आधी कादंबरी.

लोईस लॉरी यांची ही किशोरांसाठीची विज्ञानकादंबरी १९९३ सालची. फिलिप नॉइस यांचा सिनेमा २०१४चा. भविष्यातल्या एका वसाहतीत सगळं एकसारखं करून टाकलंय. डोंगर सपाट, हवामान मुठीत. जुन्या जगाच्या आठवणी एका म्हाताऱ्यापाशी, आणि त्या आता बारा वर्षांच्या जोनसला सोपवायच्या आहेत.

हा जोनस एकदा मित्राबरोबर सफरचंद झेलत असतो, आणि क्षणभर ते ‘बदलतं’. काय बदललं? त्यालाही कळत नाही, आपल्यालाही. तो ते गुपचूप घरी नेतो, भिंगाखाली धरतो. काहीच नाही! पुस्तक निम्म्यावर येतं तेव्हा म्हातारा सांगतो, तुला लाल रंग दिसू लागलाय. म्हणजे इतका वेळ आपण ज्यांच्यात वावरलो, त्यांना रंगच दिसत नव्हते! सिनेमा सुरू होतो तोच कृष्णधवल. पुढे रंग हळूहळू झिरपतात ते देखणं आहे, पण गुपित आधीच फुटलेलं असतं.

बर्फाचंही तेच. जोनसला मिळणारी पहिली आठवण बर्फावरच्या घसरगाडीची. त्याला बर्फ माहीत नाही, आणि आपल्या पेडण्या-काणकोणच्या पोरांनी तरी तो कुठे पाहिलाय? म्हातारा ‘बर्फ’ हे नाव घेतो, पण जोनसला त्यातून काहीच कळत नाही. मग लॉरीबाई अंगाला टोचणारी, जिभेवर विरघळणारी थंडी देतात. पडद्यावर बर्फ नुसता दिसतो.

नायकाचं वय वाढवलं, प्रेमप्रकरण घातलं, मेरिल स्ट्रीपसाठी वसाहतीच्या प्रमुखबाईंची भूमिका फुगवली. असो. म्हातारा मात्र जेफ ब्रिजेसने झकास उभा केलाय. ही भूमिका आपल्या वडिलांनी, लॉइड ब्रिजेस यांनी करावी, असा त्याचा मूळ बेत होता; ते १९९८ मध्ये गेले.

आणि एका प्रसंगात सिनेमा पुस्तकाच्या तोडीस तोड उतरतो. जुळ्यांतल्या वजनाने कमी भरलेल्या बाळाला जोनसचे वडील लाडीगोडीने बोलत जीवघेणी सुई टोचतात. कादंबरीतही जोनस हे पडद्यावरच पाहतो, म्हणून असेल. घरात लहान मूल असेल, तर तेवढ्यापुरतं रिमोट हाताशी ठेवा.