मुद्रा भद्राय राजते : भोसले घराण्याच्या शिक्क्यांचा प्रवास

[दृश्य : दप्तरखान्यातलं टेबल. लाल कापडाची गाठ सुटते, आत कागदांच्या घड्या.]

या कापडाला रुमाल म्हणतात. मराठ्यांच्या कारभाराचे कागद असेच रुमालात बांधून ठेवलेले असतात. एका रुमालात शेकडो कागद असतात, आणि असे हजारो रुमाल पुण्यात, कोल्हापुरात, साताऱ्यात आजही आहेत. लिपी मोडी. बोरूने ओढलेली, शब्द न तोडता सलग चाललेली.

[दृश्य : कॅमेरा पत्राच्या माथ्यावर स्थिरावतो. काळा अष्टकोन.]

ज्याला मोडीचं एक अक्षरही येत नाही, तोसुद्धा या कागदावरची एक गोष्ट ओळखतो. माथ्यावरचा हा अष्टकोन. आठ बाजूंच्या चौकटीत देवनागरी अक्षरं, आणि अक्षरांशिवाय काही नाही. सिंह नाही, हत्ती नाही, तलवार नाही. एका घराण्याने आपली ओळख म्हणून फक्त एक श्लोक निवडला.

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते आहे.

रांझे गावच्या पाटलाने बदअमल, म्हणजे गैरवर्तन केलं, त्याची चौकशी होऊन त्याला जबर शिक्षा झाली. त्या निवाड्याचं पत्र 28 जानेवारी 1646 चं आहे. शिवाजीराजांचं वय तेव्हा सोळाच्या आत. त्या पत्रावर हीच मुद्रा आहे. राज्याभिषेकाला अजून अठ्ठावीस वर्षं होती. हातात पुणे परगण्याची जहागीर, चार-दोन किल्ल्यांची उमेद, आणि शिक्क्यावर ‘विश्ववंदिता’. हे धाडस आज आपल्या अंगवळणी पडलंय. पण थोडं थांबून पाहिलं पाहिजे, कारण त्याच घरातला दुसरा शिक्का वेगळ्या भाषेत बोलत होता.

[दृश्य : जिजाबाईंच्या शिक्क्याचं रेखाटन. फारसी अक्षरं.]

हा जिजाबाईंचा शिक्का. लिपी फारसी. मजकूर, ‘जिजाबाई वालिदा-इ-राजा शिवाजी’. राजा शिवाजीची आई. शिक्का फारसीत असणं ही त्या काळची रीतच होती. दख्खनच्या शाह्यांचा कारभार फारसीत चाले, आणि त्यांच्या सरदारांना त्याच भाषेत उठावं-बसावं लागे. आईचा शिक्का दरबारी भाषेत आणि मुलाचा संस्कृतात. मुलाचं राज्य कुठल्या दिशेला निघालं आहे, ते इथे दिसतं.

[दृश्य : पितळी प्रतिकृती. तळाशी उलटी अक्षरं. कारागिराचा हात.]

शिक्का उमटतो कसा, ते नीट पाहू. ही प्रतिकृती आहे, पण रीत जुनीच. धातूच्या तोंडावर अक्षरं उलटी कोरायची, आरशात दिसतात तशी. एखाद्या जोडाक्षराची वेलांटी चुकली तर सगळा तुकडा टाकून पुन्हा सुरुवात. अनुष्टुभ छंदाची बत्तीस अक्षरं बोटभर जागेत बसवायची आणि तरी वाचता आली पाहिजेत. कोरीव भागात शाई शिरत नाही. म्हणून दाबल्यावर भोवती काळं उमटतं आणि अक्षरं कागदाच्या रंगात उजळून निघतात.

[दृश्य : शिक्का शाईत, मग कागदावर. आवाज ऐकू द्यावा. तीन सेकंद निवेदन नाही.]

मुद्रा पत्राच्या माथ्यावर. मग मजकूर. आणि मजकूर संपला की दुसरा, लहान शिक्का. त्याला म्हणतात मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर दोनच शब्द आहेत, ‘मर्यादेयं विराजते’. ही मर्यादा शोभते. म्हणजे पत्र इथे संपलं. याच्या खाली कुणी एक ओळ वाढवली तर ती राजाची नाही.

कागद लांब असेल तर तुकडे एकाखाली एक चिकटवून तो वाढवत. मग धोका असा, की मधला तुकडा काढून दुसरा चिकटवला तर? म्हणून कागद पालथा करून प्रत्येक जोडावर पुन्हा शिक्का. अर्धा वरच्या तुकड्यावर, अर्धा खालच्या. कागद फेरला की शिक्का फाटणार.

[दृश्य : पत्राची पाठ. जोडावरचे शिक्के, बाजूला बारीक मोडी शेरे.]

आणि हे पाठीवरचे बारीक शेरे. ‘रुजू’, ‘बार’. कुणीतरी मजकूर पडताळला, कुणीतरी नोंद घेतली. राज्याभिषेकानंतरच्या कानुजाबत्यात, म्हणजे कारभाराच्या नियमांत, ही कामं वाटून दिलेली आहेत. राजपत्रांवर शिक्का करणं हे मुख्य प्रधानाचं काम. सचिवाने पत्रातलं अधिकउणं अक्षर शोधून शुद्ध करायचं, आणि मग आपलं चिन्ह घालायचं. म्हणजे राजाचा हुकूमसुद्धा इतक्या हातांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. आम्हाला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती हीच. ही मुद्रा आज गाडीच्या काचेवर, टी-शर्टवर, दंडावरच्या गोंदणात दिसते. प्रेम खरं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण जन्माला ती आली कागदावर, हिशोबाने वागणाऱ्या एका कचेरीत. रयतेच्या हातात पडलेला कागद खरा आहे, याची ती हमी होती.

[दृश्य : रायगड, पहाट. नगारखाना, राजसदर.]

6 जून 1674. रायगडावर राज्याभिषेक झाला आणि पत्रांचा थाट बदलला. सुरुवातीला राज्याभिषेक शकाचा उल्लेख आला, ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती’ हे बिरुद आलं. नवी होन-शिवराई नाणी पडली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. मुद्रा मात्र तीच राहिली. अभिषेक झालेल्या छत्रपतीने स्वतःला ‘शाहसूनु’ म्हणवून घेणं चालू ठेवलं.

[दृश्य : संभाजी महाराजांच्या मुद्रेचा ठसा, मोठा करून.]

पुढच्या पिढीची मुद्रा पाहा.

श्री शंभोः शिवजातस्य मुद्रा द्यौरिव राजते ।
यदंकसेविनो लेखा वर्तते कस्य नोपरि ॥

शिवपुत्र शंभूची ही मुद्रा आकाशासारखी शोभते. हिच्या आश्रयाला आलेल्याची सत्ता कुणावर चालत नाही? वडिलांनी चंद्रकोर घेतली होती, मुलाने आख्खं आकाश घेतलं. संभाजी महाराज स्वतः संस्कृत जाणणारे. कुडाळच्या बाकरेशास्त्रींना 1680 साली दिलेलं त्यांचं संस्कृत दानपत्र प्रसिद्ध आहे. या श्लोकात तोच कवीचा कान ऐकू येतो.

राजाराम महाराजांच्या नावाच्या दोन मुद्रा मिळतात. एक थेट थोरल्या महाराजांच्या वळणावर, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ अशीच सुरू होणारी, फक्त ‘शाहसूनोः’च्या जागी ‘शिवसूनोः’. दुसरी दाशरथी रामाची उपमा घेणारी. रायगड पडला, राजा जिंजीला गेला, तरी शिक्का चालत राहिला. खजिना नव्हता, राजधानी नव्हती. वतनाच्या कागदावर उमटणारी मुद्रा होती, आणि तेवढ्यावर माणसं लढली.

[दृश्य : अजिंक्यतारा, खाली सातारा शहर. ड्रोन.]

1707 साली शाहूराजे मुघलांच्या कैदेतून सुटले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्यात छत्रपती झाले. त्यांचं पाळण्यातलं नाव शिवाजी. मुद्रेवर तेच आलं.

वर्धिष्णुर्विक्रमे विष्णोः सा मूर्तिरिव वामनी ।
शंभुसूनोरियं मुद्रा शिवराजस्य राजते ॥

विष्णूच्या वामनमूर्तीसारखी पराक्रमाने वाढणारी, शंभूपुत्र शिवराजाची ही मुद्रा. आजोबांचा ‘वर्धिष्णु’ हा शब्द नातवाने उचलला, उपमा मात्र स्वतःची आणली. लहान दिसणारा बटू तीन पावलांत त्रिभुवन व्यापतो. कैदेत वाढलेल्या राजाने ही उपमा घ्यावी, आणि त्याच्याच कारकिर्दीत मराठी घोडी नर्मदा ओलांडून दिल्लीपर्यंत जावीत!

घराण्यात दुही झाली. ताराबाईंनी पन्हाळ्याची गादी उभी केली, 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं पक्की झाली. तो इतिहास मोठा आहे, इथे एवढंच.

[दृश्य : चार शिक्के एकामागून एक. प्रत्येकावर कॅमेरा थांबतो.]

शाहू महाराजांच्या काळात शिक्क्यांचं एक कुटुंबच तयार झालं. छत्रपतींची मुद्रा मधोमध, आणि भोवती तिच्या नावाने चालणारे सरदारांचे, प्रधानांचे शिक्के.

हा थोरल्या बाजीरावांचा. ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान.’ साधा, यमकाचा. वर राजा, खाली प्रधान, आणि ही उतरंड शेवटपर्यंत मोडली नाही. राजा बदलला की शिक्क्यातलं नाव बदलायचं. शाहू महाराजांनंतर रामराजे आले, तेव्हा पेशव्यांच्या शिक्क्यावर ‘राजाराम नरपति’ आलं. सगळी सूत्रं पुण्यात होती त्या दिवसांतही साताऱ्याच्या गादीचं नाव घेतल्याशिवाय पेशव्याचा शिक्का पुरा होत नसे.

हा कान्होजी आंग्रेंचा, मराठ्यांच्या आरमाराच्या सरखेलाचा, म्हणजे प्रमुखाचा. ‘श्री शाहूनृपतिप्रीत्या तुकोजीतनुजन्मनः । कान्होजीसरखेलस्य मुद्रा जयति सर्वदा.’ शाहूराजाच्या प्रीतीने, तुकोजीपुत्र कान्होजी सरखेलाची मुद्रा सदा विजयी होते. कान्होजी आधी ताराबाईंच्या बाजूला होते. 1714 साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांकडे वळवलं. समुद्रावरचा सर्वांत जबरदस्त माणूस कुणाच्या पक्षात गेला, ते पुढे त्याचा शिक्काच सांगू लागला.

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या मुद्रेत त्यांचं मन शाहूराजाच्या चरणकमळावर भुंग्यासारखं रमलंय. शिंदे आणि होळकरांनी संस्कृत बाजूला ठेवून कुलदैवताला पुढे केलं. शिंद्यांचा ‘श्री ज्योतिस्वरूप चरणी तत्पर’, वाडी रत्नागिरीच्या ज्योतिबाचा. होळकरांचा ‘श्री म्हाळसाकांत चरणी तत्पर, खंडोजी सुत मल्हारजी होळकर’, जेजुरीच्या खंडोबाचा. उत्तर हिंदुस्थानात फौजा नेणाऱ्या या माणसांनी माळव्यातून पाठवलेल्या पत्रावरही जेजुरी आणि ज्योतिबा उमटत होते.

[दृश्य : दोन कागद शेजारी शेजारी. भिंगातून शिक्के.]

अभ्यासकाला या शिक्क्यांचा आणखी एक उपयोग होतो. वतनाच्या भांडणात बनावट कागद पुष्कळ झाले. पत्राची तारीख एका राजाची आणि शिक्का दुसऱ्याचा, प्रधानाचं नाव पद मिळण्याआधीच्या सालात, मोर्तबच नाही, जोडावर शिक्का नाही. अशा खुणांवरून खोटा कागद पकडला जातो. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं गोळा केली आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेव्हापासून ही पारख मराठीत होत आली आहे. ती करायला मोडी यावी लागते.

1818 मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यात बसवलं, 1839 मध्ये उतरवलं, आणि 1848 मध्ये सातारा खालसा केला.

[दृश्य : इंदूरचा लालबाग राजवाडा. लोखंडी फाटक, त्यावरचं राजचिन्ह.]

आता हे चिन्ह पाहा. बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावरून बेतलेलं हे होळकरांचं फाटक आणि त्यावर होळकरांचं राजचिन्ह. ढाल, दोन बाजूंना उभे असलेले प्राणी, खाली ब्रीद. ही घडण युरोपातली. तिथल्या सरदारांनी चिलखतातला माणूस ओळखू यावा म्हणून ढालीवर चित्रं रंगवली, पुढे ती वंशाची खूण झाली.

इकडे तिची रुजवात झाली 1 जानेवारी 1877 ला. दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. संस्थानिकांना भरजरी सॅटिनची निशाणं दिली. निशाणावर ज्याचं त्याचं राजचिन्ह, आणि बहुतेक चिन्हांची आखणी रॉबर्ट टेलर नावाच्या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याने केलेली. त्याने घराण्यांच्या दंतकथा, दैवतं, शस्त्रं गोळा करून युरोपी ढालीत बसवली. शिंद्यांच्या चिन्हात नाग आले, कारण त्यांच्या पूर्वजावर नागाने फणा धरल्याची कथा. होळकरांच्या चिन्हात घोडा आणि नंदी. बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीद मात्र अस्सल मराठी स्वाराचं, ‘जीन घर, जीन तख्त’. खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन.

[दृश्य : निशाणाचं जुनं चित्र. मग कोल्हापूरचा नवा राजवाडा.]

चिन्हं देखणी आहेत, ती काढणाऱ्याने अभ्यासही केला होता. तरी फरक दिसल्याशिवाय राहत नाही. मुद्रा राजाने स्वतः घेतली होती आणि ती हुकूम चालवत होती. हे निशाण वरून मिळालेली भेट होती, दरबारात कोण कुठे बसणार याच्या हिशोबात मोजली जाणारी. मुद्रेतला श्लोक दर पिढीला नवा व्हायचा, नवा राजा आपलं आणि बापाचं नाव त्यात गुंफायचा. ढालीवरचं चित्र एकदा ठरलं की ठरलं. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्याने हे दोन्ही काळ पाहिले. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

[दृश्य : कोची बंदर, नौदलाचं नवं निशाण वर चढतं.]

2 सप्टेंबर 2022. कोचीत विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाचं नवं निशाण फडकलं. सेंट जॉर्जचा लाल क्रूस गेला. त्याच्या जागी निळा अष्टकोन, सोनेरी दुहेरी किनारीचा, आत नांगर आणि ‘शं नो वरुणः’. अष्टकोन शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतल्याचं नौदलाने जाहीरपणे सांगितलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2023 मध्ये, ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पदचिन्हांतही तो आला.

[दृश्य : मोडी वर्ग. फळ्यावर बाराखडी, विविध वयाचे विद्यार्थी.]

आणि हा वर्ग मोडीचा. काही विद्यार्थी कॉलेजातले, काही निवृत्त, काहींच्या घरी आजोबांच्या पेटीत सापडलेली सनद आहे. पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत असे वर्ग चालतात. ज्या रुमालांचे कागद अजून कुणी वाचलेले नाहीत, ते वाचायला हीच माणसं लागणार आहेत. तुमच्या घरी जुना कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, ओलीपासून दूर ठेवा. पाठ पाहा, जोड पाहा, आणि जवळच्या पुराभिलेखागारात नेऊन दाखवा.