बाळाचं एइजू आणि पहिले ३० दिवस

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते जपानमध्ये राहणाऱ्या मराठी आईबाबांशी, ज्यांना तिथलं एइजू, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना मिळालाय. आणि तितकंच इकडे पुण्यात, नाशकात, सांगलीत डिंकाच्या लाडवांची तयारी करणाऱ्या आजी-आजोबांशीही. कारण दोन्ही घरांत एकच प्रश्न चाललेला असतो: बाळंतपण माहेरी करायचं की तिकडेच?

मुलीला माहेर हवंसं वाटणारच. पण निर्णय घेण्याआधी एवढं ठाऊक असू द्या. आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाकडे बाळाच्या जन्माच्या वेळी एइजू असेल आणि बाळ जपानात जन्मलं, तर त्याच्यासाठी थेट एइजूचा अर्ज करता येतो. तेच बाळ पुण्यात जन्मलं तर ही वाट बंद होते. मग आधी सीओई, म्हणजे पात्रतेचा दाखला मागवायचा. तो ३ महिनेच चालतो, तेवढ्यात व्हिसा काढून बाळाला 'तेइजूशा', म्हणजे दीर्घकालीन रहिवासी म्हणून न्यायचं आणि किमान वर्षभर तिथे राहिल्यावर एइजूचा अर्ज करायचा. आईच्या स्वतःच्या एइजूचाही हिशेब ठेवावा लागतो. विमानतळावर मिळणारी साधी पुनःप्रवेशाची सवलत १ वर्षाची असते आणि परदेशात बसून ती वाढवता येत नाही. मुक्काम लांबण्याची शक्यता असेल तर निघण्याआधीच न्यूकानमधून, म्हणजे इमिग्रेशन कार्यालयातून, नेहमीचा पुनःप्रवेश परवाना घ्यावा.

आता जपानात जन्मलेल्या बाळाकडे वळू. जपानात नागरिकत्व रक्ताच्या नात्याने मिळतं, जन्मभूमीमुळे नाही. आईबाबा दोघंही भारतीय असतील तर बाळ भारतीयच. असं बाळ जन्मापासून ६० दिवस कुठल्याही परवान्याविना जपानात राहू शकतं. हा ६० चा आकडाच घात करतो. लोक तो लक्षात ठेवतात आणि निवांत राहतात. अर्ज करायचा असतो ३० दिवसांत. जन्माचा दिवस पहिला धरून मोजा, म्हणजे चूक होणार नाही.

पहिलं काम शुश्शो तोदोके, अर्थात जन्माची नोंद. मुदत १४ दिवस. कुयाकुशो किंवा शियाकुशोत, म्हणजे वॉर्डाच्या किंवा शहराच्या कचेरीत, ती करायची. फॉर्मचा उजवा अर्धा भाग डॉक्टर किंवा सुईण भरून देते, डावा आपण भरायचा. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशीही फॉर्म घेतात, पण दाखले तेव्हा मिळत नाहीत. त्यासाठी कामाच्या दिवशी पुन्हा खेप पडते. म्हणून शक्यतो दिवसाच जा आणि बोशी तेचो, म्हणजे आई-बाळाची आरोग्यवही, बरोबर ठेवा. तिच्यातही नोंदीचा शिक्का लागतो.

नावापाशी जरा थांबा. नोंदीत नाव काताकाना या जपानी लिपीत लिहितात. त्या लिपीत 'ल' आणि 'र' यांना एकच अक्षर आहे, 'ळ' तर नाहीच. लीला लिहा की रीरा, दिसतं सारखंच. म्हणून फॉर्मवर 'इतर' म्हणून जो रकाना असतो त्यात रोमन स्पेलिंगही लिहून द्यावं. आणि ते स्पेलिंग बाळ जन्मण्याआधीच घरात ठरवून ठेवा: 'व'साठी व्ही की डब्ल्यू, शेवटच्या 'ई'साठी आय की दोन ई, वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही. पुढे भारतीय पासपोर्टवर एक आणि झाइर्यू कार्डावर, म्हणजे वास्तव्याच्या ओळखपत्रावर, दुसरं नाव आलं की दुरुस्तीसाठी हेलपाटे सुरू होतात.

त्याच खेपेत जन्मनोंदीचे दाखले घ्या, एक न्यूकानसाठी आणि एक भारतीय दूतावासासाठी. बाळाचं नाव आलेलं संपूर्ण कुटुंबाचं जुमिनह्यो, म्हणजे रहिवासी दाखला, घ्या. त्यात माय नंबर, म्हणजे प्रत्येक रहिवाशाला मिळणारा सरकारी ओळखक्रमांक, छापू नका म्हणून सांगा, बाकी काही गाळू देऊ नका. बाळाचा भत्ता, जिदो तेआते, त्याचाही अर्ज तिथेच करून टाका. त्याची मुदत १५ दिवसांची आहे.

न्यूकानमध्ये एइजूच्या अर्जासोबत हे दाखले, आईबाबांची कार्डं आणि पासपोर्ट, नोकरीचा दाखला, उत्पन्नाचे आणि कर भरल्याचे दाखले आणि हमीपत्र लागतं. हमीदार म्हणून एइजूधारक आई किंवा बाबा चालतात. कार्यालय शनिवार-रविवारी बंद, २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद. गोल्डन वीकच्या, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांच्या, आसपास बाळ येणार असेल तर सुट्ट्या आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पासपोर्टची वाट पाहण्यात. भारतीय पासपोर्ट हातात यायला आठवडे लागू शकतात आणि तोवर ३० दिवस उलटून जातात. पासपोर्ट नसतानाही अर्ज घेतात. तो अजून का नाही, एवढं कारण लिहून द्यायचं. मुदत चुकलीच तरी ६० दिवस संपण्याआधी न्यूकान गाठा. मग बाळाला 'कायम रहिवाशाचं अपत्य' असा मुदतीचा परवाना मिळतो आणि एइजूसाठी नंतर वेगळा अर्ज करावा लागतो.

आईबाबांचा एइजूचा अर्ज अजून विचाराधीन असेल तर बाळाला साधारणपणे कुटुंबीय म्हणून, 'काझोकू ताइझाइ' मिळतं. पुढे आईबाबांना एइजू मिळालं तरी बाळाचं आपोआप होत नाही.

भारताच्या बाजूचं काम विसरू नका. नागरिकत्व कायदा १९५५च्या कलम ४ प्रमाणे बाळाची नोंद तोक्योच्या दूतावासात किंवा ओसाकाच्या वाणिज्य दूतावासात जन्मापासून १ वर्षाच्या आत करायची असते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते.

आणि मग बारशाला किंवा आजीला भेटायला पहिला विमानप्रवास. बाळाचं झाइर्यू कार्ड हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, कारण परवाना नसलेलं बाळ देशाबाहेर गेलं की परत यायला नवा व्हिसा लागतो. विमानतळावर पुनःप्रवेशाचा छोटा फॉर्म बाळासाठी वेगळा भरायचा आणि 'तात्पुरता जात आहे, परत येणार' या ओळीसमोरच्या चौकोनात खूण करायची. घाईत आईबाबा स्वतःच्या फॉर्मवर ती करतात आणि बाळाच्या फॉर्मवर राहून जाते. ती खूण नसेल तर बाळाचं एइजू त्याच दारात संपू शकतं. म्हणून अधिकाऱ्याच्या हाती फॉर्म देण्याआधी बाळाचा चौकोन एकदा डोळ्यांनी बघून घ्या.