मुजीबनगर : आंबराईतला शपथविधी

(दृश्य : मेहेरपूरची आंबराई, सकाळ)

बांगलादेशातल्या, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, मेहेरपूरजवळची ही आंबराई. भारताची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. 17 एप्रिल 1971 ला या झाडांखाली खुर्च्या मांडल्या, त्याही आसपासच्या घरांतून मागून आणलेल्या. कोलकात्याहून पत्रकारांच्या गाड्या आल्या. आणि जगात कुणीच मान्यता न दिलेल्या एका देशाच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली.

(दृश्य : जुनी छायाचित्रं)

मानवंदना देणारे हे अन्सार या निमलष्करी दलाचे मूठभर जवान. सलामी घेताहेत हंगामी राष्ट्रपती सय्यद नझरुल इस्लाम. पंतप्रधान ताजुद्दीन अहमद. राष्ट्रपती शेख मुजीबुर रहमान मात्र पश्चिम पाकिस्तानच्या तुरुंगात. आंबराईच्या बैद्यनाथतला गावाला त्यांच्यावरून मुजीबनगर हे नाव मिळालं ते याच दिवशी.

(दृश्य : जाहीरनाम्याचा कागद, जवळून)

आता हा कागद सावकाश बघा. 10 एप्रिलचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. मसुदा बॅरिस्टर अमीरुल इस्लाम यांचा, आंबराईत वाचला प्राध्यापक युसुफ अलींनी. सुरुवातीलाच निवडणुकीचा हिशेब आहे : महिलांच्या राखीव जागा धरून पूर्व पाकिस्तानच्या 169 जागांपैकी 167 मुजीबांच्या अवामी लीग पक्षाच्या. मग एकेक तक्रार, थेट वकिली शिस्तीत. 3 मार्चला बोलावलेली राष्ट्रीय सभेची बैठक पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांनी बेमुदत पुढे ढकलली. बोलणी चालू असतानाच लोकांवर सैन्य घातलं. सबब, आम्ही निवडून आलेले प्रतिनिधी स्वतःच संविधान सभा होत आहोत. अंमल 26 मार्चपासून.

त्याच तारखेचा आणखी एक आदेश आहे, फारसा कुणी न वाचलेला. 25 मार्चला जे कायदे लागू होते, ते नव्या देशातही चालू राहतील. बंडखोर अशी कागदपत्रं करत बसत नाहीत.

पाकिस्तान यांना फुटीर म्हणत होतं. पण फुटीर म्हणायचं कुणाला? सबंध पाकिस्तानच्या 300 सर्वसाधारण जागांपैकी 160 अवामी लीगकडे होत्या. ज्यांनी इस्लामाबादेत सरकार बनवायचं, त्यांना आंबराईत बनवावं लागलं!

पाकिस्तानचं म्हणणं, निवडणूक ज्या आदेशाखाली झाली त्यातच देशाच्या अखंडतेची अट होती. जिनिव्याच्या इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेनेही 1972 मध्ये स्वयंनिर्णयाचा दावा मान्य केला नाही. पण याह्यांची राजवटच बेकायदा, तिला प्रतिकार करणं रास्त, असंही म्हटलं.

(दृश्य : कोलकाता, शेक्सपियर सरणी)

हे अरविंद भवन. तेव्हाचा पत्ता, 8 थिएटर रोड. सरकारचा कारभार इथून चालला. शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी कोलकात्यातले पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली आपल्या कर्मचाऱ्यांसह या सरकारकडे आले आणि कचेरीवरचा झेंडा बदलला.

(दृश्य : टपाल तिकिटं)

29 जुलैला आठ तिकिटं निघाली. देश अजून ताब्यात नाही, तिकिटं तयार! रेखाटनं बिमान मल्लिक यांची. एका तिकिटावर देशाचा नकाशा आहे.

(दृश्य : सीमेवरच्या छावण्या)

डिसेंबरपर्यंत कोटीभर माणसं सीमा ओलांडून भारतात आली होती. 6 डिसेंबरला भूतान आणि भारताने मान्यता दिली, 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली. पाकिस्तानची मान्यता यायला फेब्रुवारी 1974 उजाडला, आणि त्याच सप्टेंबरात बांगलादेश संयुक्त राष्ट्रांत गेला.