पहिलं सुवर्णपदक मराठीचं

१० ऑक्टोबर १९५४, दिल्ली. देशात पहिल्यांदाच सिनेमाला सरकारी पुरस्कार मिळणार होते, तेव्हा त्यांना स्टेट अवॉर्ड म्हणायचे, आज आपण नॅशनल अवॉर्ड म्हणतो ते हेच. आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक कुणाला मिळालं माहितीये? आपल्या आचार्य अत्रेंच्या 'श्यामची आई'ला! त्या वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' पण होता बरं का, त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलेली कोकणातल्या एका गरीब घराची गोष्ट देशात पहिली आली, आणि त्यातलं 'छडी लागे छम छम' तर आजही शाळेच्या गॅदरिंगला वाजतं.

मग मात्र हा मान परत मराठीत यायला तब्बल ५० वर्षं गेली. व्ही. शांताराम, जब्बार पटेल अशी माणसं असूनही!

२००४ मध्ये आला 'श्वास'. संदीप सावंतचा पहिलाच सिनेमा. नातवाच्या डोळ्याला कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी कायमची जाणार, म्हणून आजोबा त्याला ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात, डोळे आहेत तोवर पोराने जग बघून घ्यावं म्हणून. अरुण नलावडेंचा तो चेहरा आठवला तरी आजही घशात आवंढा येतो. या सिनेमाला सुवर्णकमळ, म्हणजे देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तोच मान, मिळालं, पुढे तो भारताकडून ऑस्करला गेला आणि त्या खर्चासाठी साध्यासुध्या लोकांनी पैसे गोळा केले, हे किती मोठं आहे!

त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव', सुवर्णकमळं येतच राहिली. मोठा स्टार नाही, शंभर कोटी नाहीत, पण ज्युरीसमोर सगळे सिनेमे सारखेच, म्हणून मला हे पुरस्कार फार जवळचे वाटतात.

आणि आता २३ सप्टेंबर २०२५ चा हा सोहळा बघा. विज्ञान भवन, दिल्ली. सुजय डहाकेने ब्लॅक अँड व्हाईटमध्ये नव्याने केलेल्या 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं रजत कमळ. शाहरुखला त्याच्या करिअरमधला पहिला नॅशनल अवॉर्ड पण याच स्टेजवर मिळाला. पण टाळ्या ऐका कुणासाठी पडतायत, 'नाळ २'मधल्या त्रिशा ठोसरसाठी, साडी नेसून आलीये ती चिमुकली, राष्ट्रपतींच्या हातून पदक घ्यायला.