'आम्हीच सगळ्यात वाईट!'

७ नोव्हेंबर १९८१. इव्हान्स्टन, इलिनॉय.

सामना संपला. धावफलकावर मिशिगन स्टेट ६१, नॉर्थवेस्टर्न १४. आणि घरच्याच संघाचे, म्हणजे हरलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे विद्यार्थी मैदानात घुसले. चिडून? छे! ते नाचत होते, ओरडत होते : 'आम्हीच सगळ्यात वाईट!'

सलग २९वा पराभव. मोठ्या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये तोवर इतकं सलग कुणीच हरलं नव्हतं. विक्रम तो विक्रम.

हंगाम सुरू झाला तेव्हा आशा होती. डेनिस ग्रीन हे नवे प्रशिक्षक आले होते. 'बिग टेन' या विद्यापीठांच्या गटातले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पहिल्याच सामन्यात इंडियानाविरुद्ध हार झाली ती २१-२०. फक्त एका गुणानं! विजयाच्या इतकं जवळ हा संघ त्या वर्षी पुन्हा गेला नाही.

आयोवा ६४-०. विस्कॉन्सिन ५२-०. ओहायो स्टेट ७०-६. पाच सामन्यांत तर भोपळा. ११ सामन्यांत मिळवले ८२ गुण, दिले ५०५. टचडाऊनचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याचे) सहा आणि त्यावरच्या किकचा एक, असा हिशेब धरला तर दर सामन्याला जेमतेम एका टचडाऊनची कमाई. समोरच्यांची सहाहून जास्त.

खेळाडू आळशी होते असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बिग टेनमधली बाकी सगळी तेव्हा अवाढव्य सरकारी विद्यापीठं होती. नॉर्थवेस्टर्न एकटंच खासगी, आकारानं लहान, आणि प्रवेशाच्या अटी कडक. धिप्पाड, वेगवान मुलं मिळवण्याच्या शर्यतीत ते आधीच मागे पडायचं.

चेष्टा तर रस्त्यावरही पोचली. 'इंटरस्टेट ९४' या महामार्गाच्या पाटीवर कुणीतरी पुढे रंगवलं : 'नॉर्थवेस्टर्न ०'. रस्तासुद्धा जिंकला!

शेवटचा विजय सप्टेंबर १९७९ मधला, वायोमिंगवरचा. म्हणजे १९८० साली दाखल झालेल्या मुलांनी आपला संघ जिंकताना पाहिलाच नव्हता. हरण्याचाच जल्लोष करायचा, हे त्यांचं त्यांनी शोधलेलं औषध होतं.

पुढच्या वर्षी सलग पराभवांचा आकडा ३४ वर गेला. मग २५ सप्टेंबर १९८२ ला नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध फलकावर ३१-६ लागले, आणि या वेळी ३१ आपले होते. मुलं पुन्हा मैदानात घुसली. गोलपोस्ट उपटले, खांद्यावर घेतले, गावातून मिरवत नेले आणि मिशिगन सरोवरात फेकून दिले.