इरेना शेविन्स्का : शंभरापासून चारशेपर्यंत

मंडळी, शंभर, दोनशे आणि चारशे मीटर, तिन्ही अंतरांचा जागतिक विक्रम ज्या व्यक्तीच्या नावावर लागला, अशी व्यक्ती आजवर एकच झाली. पुरुषांतही दुसरं नाव नाही. बोल्टला चारशेचा विक्रम मिळाला नाही, मायकेल जॉन्सनला शंभरचा मिळाला नाही. तिन्ही मिळाले ते पोलंडच्या इरेना शेविन्स्काला. आज मला तिच्या पदकांपेक्षा तिच्या एका सवयीबद्दल बोलायचंय. एखाद्या प्रकारात आपली सद्दी संपत आली की ती तिथे रेंगाळत बसायची नाही, नवं अंतर शिकायला घ्यायची.

तिचा जन्म 1946 मध्ये लेनिनग्राडला, ज्यू कुटुंबात. वाढली वॉर्सामध्ये. माहेरचं आडनाव किरशेनश्टाइन. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकला ती गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. लांब उडीत रौप्य, दोनशे मीटरमध्ये रौप्य आणि 4 बाय 100 रिलेत सुवर्ण घेऊन आली.

या रिलेपाशी मी जरा थांबणार आहे. समोर रिले पळणाऱ्या मुली बसल्यात, त्यांना लगेच कळेल. बॅटन, म्हणजे एकीने दुसरीच्या हातात द्यायची नळी, बदलायला तेव्हा वीस मीटरचा पट्टा मिळायचा, आता तीस मीटरचा मिळतो. पुढची धावपटू मागे वळून बघत नाही. ट्रॅकवर आधीच केलेल्या खुणेवर मागचीचा पाय पडला की ही सुटते, आणि हाक आली की न बघता हात मागे करते. बॅटन हातात येईल हा विश्वास सरावानेच बसतो. पोलंडच्या चौघी म्हणजे तेरेसा चेप्ली, इरेना, हालिना गुरेत्स्का आणि शेवटी एव्हा क्लोबुकोव्स्का. समोर अमेरिका, आणि त्यांच्या संघात शंभरची विजेती वायोमिया टायस आणि दोनशेची विजेती एडिथ मॅग्वायर. तरीही पोलंड जिंकला, 43.6 सेकंदांत, जागतिक विक्रमासह.

तो विक्रम पुढे पुसला गेला. 1967 मध्ये एव्हाची गुणसूत्रांची चाचणी झाली आणि तिला स्त्रियांच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. आदल्याच वर्षीची तपासणी तिने पार केलेली होती. तिचे विक्रम रद्द झाले, त्यात चौघींचा हा विक्रमही गेला. सुवर्णपदक तेवढं राहिलं. मला हा उघड अन्याय वाटतो. एव्हाने कोणाला फसवलं नव्हतं, जन्मतः लाभलेल्या शरीरानिशी ती पळत होती. आपल्याकडे धावपटू शांती सौंदराजनचं 2006 च्या आशियाई स्पर्धेतलं रौप्य अशाच चाचणीनंतर काढून घेतलं, तेव्हा चाळीस वर्षांनंतरही जग फारसं शहाणं झालं नव्हतं.

इरेनाने 1965 मध्ये शंभरचा विक्रम प्रागला केला आणि दोनशेचा वॉर्साला मोडला. 1968 चं साल मात्र अवघड होतं. त्या वर्षी पोलंडमध्ये सरकारनेच ज्यूंविरुद्ध मोहीम उघडली, हजारो ज्यू देश सोडून गेले. इरेना राहिली, आणि त्याच वर्षी मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये पोलंडसाठी दोनशेचं सुवर्ण जिंकली, 22.5 सेकंदांच्या नव्या विक्रमासह. रिलेत मात्र फायनलआधीच बॅटन निसटला आणि संघ बाद झाला.

1970 मध्ये मुलगा झाला. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला दोनशेत कांस्य मिळालं. पूर्व जर्मनीची रेनाटे श्टेखर तेव्हा ऐन भरात होती. इथे कारकीर्द संपली असती तर कोणी नावं ठेवली नसती. तिने चारशे मीटर हाती घेतलं.

चारशे म्हणजे काय, हे पळणाऱ्यालाच ठाऊक. तीनशेपर्यंत वेग साथ देतो, पुढे मांड्या दगडासारख्या होतात, पाऊल आखडतं. शंभर-दोनशेवाल्या मुली तिथेच मोडतात. इरेना उंच होती, टांग लांब होती, आणि दमल्यावरही ती तशीच पडावी म्हणून तिने मेहनत घेतली. नवरा यानुश शेविन्स्की हा स्वतः अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळाडू. तोच आता तिचा प्रशिक्षक होता. जून 1974 मध्ये वॉर्साला तिने 49.9 सेकंद दिले. पन्नास सेकंदांच्या आत चारशे पळलेली ती जगातली पहिली स्त्री. त्याच वर्षी रोममध्ये युरोपियन स्पर्धेत शंभर आणि दोनशे, दोन्हींत तिने श्टेखरला हरवलं.

मग 1976, माँट्रियल. इरेनाचं वय तीस. समोर पूर्व जर्मनीची अठरा वर्षांची क्रिस्टिना ब्रेमर, जिच्याकडून महिनाभरापूर्वीच इरेनाने चारशेचा विक्रम परत घेतला होता. शेवटच्या सरळ टप्प्यात इरेना सुटली ती सुटलीच. 49.28, नवा जागतिक विक्रम. ब्रेमर दुसरी, 50.51. चारशेच्या ऑलिंपिक फायनलमध्ये सव्वा सेकंद म्हणजे फोटोत दुसरी धावपटू मावत नाही. माझ्या मते तिच्या सगळ्या शर्यतींत ही सर्वांत मोठी, कारण टोकियोत तिला रौप्य देणारा तो उपजत वेग आता तसा उरला नव्हता.

1980 ला मॉस्कोत, पाचव्या ऑलिंपिकमध्ये, दुखापतीमुळे ती उपांत्य फेरीच्या पुढे गेली नाही. एकूण सात ऑलिंपिक पदकं, पाच वेगवेगळ्या प्रकारांत. पुढे पोलंडच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेची अध्यक्ष झाली, ऑलिंपिक समितीवर गेली. 2018 मध्ये वॉर्साला वारली.

माँट्रियलची ती 49.28 ची वेळ पोलंडचा राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली, जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं. जून 2024 मध्ये नतालिया काचमारेकने तो रोमला मोडला, 48.98 सेकंदांत.