पहिलं वाचन

टेबलाभोवती सात-आठ नट बसलेत, प्रत्येकाच्या हातात संहितेची झेरॉक्स, आणि कोपऱ्यात एक जण आहे जो अक्षरही बोलत नाहीये, नुसत्या पेन्सिलने समासात खुणा करतोय. तो लेखक. आपलं नाटक तो आज पहिल्यांदा कानांनी ऐकतोय. लिहिताना डोक्यात सगळी पात्रं मस्त बोलत होती, पण नटाच्या तोंडून वाक्य आलं तसं कळलं की दुसऱ्या अंकातलं ते लाडकं स्वगत भलतंच लांबलंय, आणि जिथे हमखास हशा येणार वाटत होतं तिथे एकदम शांतता.

नवीन नाटकं घडवणारी संस्था सगळ्यात आधी हे वाचन घडवते. नेपथ्य नाही, लाइट नाही, तिकीट तर नाहीच. वाचन संपलं की चर्चा, आणि खरी अडचण इथेच येते, कारण जो तो लेखकाचं नाटक दुरुस्त करून द्यायला निघतो. चांगला ड्रामाटर्ग, म्हणजे संहितेवर लेखकासोबत बसणारा माणूस, ते थांबवतो. तो विचारतो, तुमचं लक्ष कुठे सुटलं, या बाईला काय हवंय असं तुम्हाला वाटलं? बस. बदल करायचा की नाही ते लेखक ठरवणार, आणि माझ्या मते हा नियम मोडला की बाकी सगळं वाया.

पण एका नाटकाला मदत करून भागत नाही हो, लेखकाला धरून ठेवावं लागतं. १८९६ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियन लेखक चेखवचं 'सीगल' हे नाटक पहिल्या प्रयोगालाच साफ पडलं, आणि तो म्हणाला आता नाटक लिहायचंच नाही. दोन वर्षांनी नव्या मॉस्को आर्ट थिएटरच्या दोन संस्थापकांपैकी एक, नेमिरोविच-दांचेंको, याने गळ घालून तेच नाटक आपल्या थिएटरसाठी मागून घेतलं आणि ते असं गाजलं की सीगल पक्षी त्या थिएटरचं चिन्हच झाला. मग चेखवने शेवटची दोन्ही नाटकं याच कंपनीसाठी लिहिली. त्यातलं 'तीन बहिणी' १९०० मध्ये नटांना वाचून दाखवलं तेव्हा ते गोंधळले, तर हा फ्रान्समधल्या नीसला जाऊन पुन्हा त्यावर बसला आणि तिथून सुधारलेले अंक पाठवले.

अमेरिकेत १९६४ ला सुरू झालेल्या ओ'नील थिएटर सेंटरने, म्हणजे नवी नाटकं घडवणाऱ्या अशाच एका संस्थेने, नाटककार ऑगस्ट विल्सनच्या संहिता आधी नाकारल्या होत्या, तरी तो पाठवत राहिला. १९८२ ला एक निवडली गेली, तिथे लॉइड रिचर्ड्ससारखा दिग्दर्शक मिळाला, १९८४ ला ते नाटक ब्रॉडवेवर आलं, आणि विल्सनची पुढची कित्येक नाटकं रिचर्ड्सनेच बसवली.

आणि पैसे? तेही लागतात. लिहिण्याआधीच मानधनाचा हप्ता हातात पडला तर लेखक काही महिने दुसरी कामं बाजूला ठेवू शकतो. दुसरी गरज म्हणजे दुसऱ्या संस्थेने ते नाटक पुन्हा करणं. नवं कोरं नाटक पहिल्यांदा करायला सगळ्यांना आवडतं, दुसऱ्यांदा करायला फार कमी जण पुढे येतात, आणि चांगल्या संहिता तिथेच पडून राहतात.

काही आठवड्यांनी तेच टेबल, तेच नट. स्वगत आता अर्ध्यावर आलंय. हशा आला, पण लेखकाला वाटलंही नव्हतं अशा वाक्यावर, आणि तो पटकन पान उलटून तिथे खूण करतोय.